लोहगांवचीं बाँबफेकी विमानें व दाबोळीची धांवपट्टी

चाकणच्या संग्रामदुर्गाचा वेढा आमच्या वाचकांस नवा नाहीं. इ. स. १६६० मध्यें शाइस्ताखानानें भुयार खणून बुरूज उडविला, तेव्हां कोठें फिरंगोजी नरसाळ्याच्या हातून किल्ला गेला. तोंपर्यंत जवळजवळ दोन महिने लोटले होते. त्याच मुलखांत, भोसरी-दिघीच्या अंगास, आज सुखोई विमानें गर्जत जातात, आणि लोक त्यांस सरसकट 'बाँबफेकी' म्हणतात. असली ढोबळ भाषा इतिहासास उपयोगी नाहीं. म्हणून हें टिपण.

लोहगांव हें तुकोबांचें आजोळ. तेथील विमानतळ १९३९ सालीं इंग्रजांनीं मुंबईच्या संरक्षणार्थ केला. महायुद्धांत तेथें वेलिंग्टन व मॉस्किटो विमानें होतीं. १९४७ च्या मे महिन्यांत तो हिंदी हवाई दलाकडे आला. १९५७ पासून कॅनबेरा हें इंग्रजी जेट विमान दलांत दाखल झालें व २००७ सालीं निवृत्त झालें. खरें बाँबफेकी तें हेंच. पोटांतील कोठारांत बाँब घेऊन दूरवर टाकणें हें त्याचें मुख्य काम. सुखोई-३० हें बाँब टाकीत असलें तरी मूळचें झुंजीचें विमान होय.

गोव्याच्या मोहिमेंत हवाई दलाचे तळ पुणें व सांबरें येथें होते. सूत्रें एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांजकडे. १८ डिसेंबर १९६१ रोजीं विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या हाताखालीं १२ कॅनबेरांनीं दाबोळीवर ६३,००० पौंड बाँब टाकले, म्हणजे दर विमानास सरासरी ५,२५० पौंड. मागून विंग कमांडर सुरिंदर सिंग यांचीं ८ विमानें आलीं. इमारतींस धक्का लावूं नये अशी आज्ञा होती, ती पाळली गेली. तेथें उभीं असलेलीं दोन पोर्तुगीज प्रवासी विमानेंही वांचलीं. त्याच रात्रीं पोर्तुगीजांनीं धांवपट्टीचा कांहीं भाग घाईनें दुरुस्त करून तीं उडविलीं व कांहीं अधिकाऱ्यांचीं कुटुंबें बाहेर काढलीं.

यावरून हल्ला फसला असें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. आज्ञेच्या मर्यादेंतच त्याचें माप घेतलें पाहिजे. पण पट्टी 'पूर्ण निकामी' झाली हेंही खरें नव्हे. जिच्यावरून सुपर कॉन्स्टेलेशनसारखें अवजड विमान उडतें, ती निकामी कशी?

पुण्याहून दाबोळी सुमारें ३५० किलोमीटर. तेथें वाटेंत इंधन घेण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सहा कॅनबेरा काँगोस गेल्या, त्यांस मजल दरमजल उतरत जावें लागलें. ही अडचण हवाई दलांत २००३ पासून आलेल्या इल्युशिन-७८ या इंधनवाहू विमानांनीं दूर केली. त्यांचें ठाणें आग्रा. मागें लांब नळी सोडतात, तिच्या टोंकास टोपलीसारखें तोंड असतें. मागून येणारें विमान आपली पुढें आलेली नळी त्यांत खुपसतें आणि उडत असतांच तेल घेतें. लोहगांवीं २००२ सालीं आलेल्या सुखोई-३० एमकेआय विमानांस ही सोय आहे. मोगली फौजेमागें धान्य वाहणारे लमाणांचे तांडे चालत, त्यांतलाच हा प्रकार.

प्रत्येक वैमानिकाची एक उड्डाणवही असते. तींत दिनांक, विमानाचा क्रमांक व उड्डाणाचा वेळ लिहिलेला असतो. १९६१ च्या वह्या आतां घरोघरच्या पेट्यांत आहेत, व तेथून रद्दींत जाण्यास वेळ लागत नाहीं. दाबोळीच्या दिवसाचें पान ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी, मूळ वही मात्र आपल्याजवळच जपून ठेवावी.