दातातलं सिमेंट टिकतं कशानं?

 मागच्या भागात आपण हिरड्यांविषयी बोललो. आज बोलू या दातात भरतात त्या सिमेंटविषयी. ते दाताला चिकटतं कसं, कुणाचं वर्षानुवर्षं टिकतं, कुणाचं दोन महिन्यांत निघतं, असं का?

हा विषय आमच्या गटाच्या बैठकीतच निघाला. आमच्यातल्या एका ताईची दाढ किडली होती. तेंदूचे पैसे हातात आल्यावर ती तालुक्याला गेली आणि दाढेत सिमेंट भरून आली. पोळ्याच्या सुमारास भाताच्या घासासोबत ते सिमेंट बाहेर आलं. बैठकीत ती म्हणाली, "फसवलं जी मले. पैसेबी गेले अन् दाढबी तशीच." लगेच दोघी-तिघींनी माना डोलावल्या, त्यांचंही असंच झालं होतं. एक काकू म्हणाल्या, "भरत बसण्यापेक्षा उपटूनच टाकावी."

काकूंच्या या बोलण्यानं आम्ही थबकलो. मोठेपणी काढलेली दाढ पुन्हा उगवत नाही. एक गेली की त्या बाजूनं चावणं कमी होतं, शेजारचे दात कलतात. म्हणून आम्ही दातांच्या डॉक्टरांना विचारून घेतलं, थोडं वाचलं. त्यातून कळलं ते असं: सिमेंट टिकणं निम्मं डॉक्टरांच्या हातावर आणि निम्मं आपल्या तोंडावर असतं.

आधी सायकलचं पंक्चर आठवा. दुकानदार ट्यूबवर नुसता पॅच ठेवून दाबत नाही. आधी ती जागा पुसतो, कानशीनं घासून खरबरीत करतो. मग सोल्युशन लावतो, ते सुकू देतो आणि नंतर पॅच दाबतो. ट्यूब ओली राहिली की पॅच सुटलाच म्हणून समजा. घराच्या गिलाव्याचंही तसंच. गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही, म्हणून गवंडी आधी टाचे मारतो. स्वच्छ, खरबरीत आणि कोरडं, चिकटवायच्या कामाचे हे तीन नियम. दातालाही हेच लागू आहेत.

पूर्वी दातात चांदी भरायचे. ती दाताला चिकटत नाही. म्हणून डॉक्टर खड्डा मडक्यासारखा कोरायचे, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद, म्हणजे चांदी आत अडकून राहील. त्यासाठी थोडा चांगला दातही कोरावा लागे. चिकटणारं सिमेंट आल्यावर ही गरज कमी झाली. किडलेलं तेवढं काढायचं, चांगलं राहू द्यायचं.

आता दात आतून कसा असतो ते पाहू. वर पांढरं, टणक कवच असतं. त्याला इनॅमल म्हणतात. शंभर ग्रॅम इनॅमलमध्ये सुमारे ९६ ग्रॅम खनिजच असतं. आपल्या शरीरात याच्याइतकं टणक दुसरं काही नाही. त्याच्या आत पिवळसर थर असतो, तो डेंटिन. त्यात खनिज सुमारे ७० टक्के. बाकी बारीक तंतू आणि पाणी. डेंटिनमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या हजारो बारीक नळ्या असतात, त्या आतल्या नसेकडे जातात. म्हणून कीड डेंटिनपर्यंत पोचली की थंड-गोड झोंबतं.

इनॅमल गुळगुळीत असतं. त्याला टाचे मारायचे कसे? ही युक्ती १९५५ साली अमेरिकेतल्या मायकेल बुओनोकोर या दंततज्ज्ञांनी मांडली. कारखान्यात धातूवर रंग नीट बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्यांना ठाऊक होतं. तेच आम्ल त्यांनी दातावर अर्धा मिनिट लावून पाहिलं. आम्लानं इनॅमलवर बारीक बारीक खाचा पडल्या आणि त्या खाचांत शिरलेलं द्रव्य कडक झाल्यावर घट्ट बसलं.

आजही दाताच्या रंगाचं सिमेंट भरताना हेच करतात. याला कंपोझिट म्हणतात. डॉक्टर दातावर निळसर जेल लावतात, तेच हे आम्ल. पंधरा ते तीस सेकंदांनी ते पाण्यानं धुतात आणि हवेनं सुकवतात. त्या वेळी इनॅमल खडूसारखं पांढरं दिसतं. मग बाँडिंगचं पातळ द्रव्य लावतात, म्हणजे आपलं पंक्चरचं सोल्युशनच. ते खाचांत उतरतं. त्यावर निळा उजेड पाडला की काही सेकंदांत कडक होतं. मग कंपोझिट थराथरानं भरतात आणि प्रत्येक थरावर उजेड पाडतात. एक थर साधारण दोन मिलिमीटरचा, कारण त्याहून खोल उजेड नीट पोचत नाही. डॉक्टर थोडं थोडं भरतात ते यासाठी, उगाच वेळ काढत नाहीत.

डेंटिनचं काम जास्त नाजूक. आम्लानं तिथलं वरवरचं खनिज निघालं की तंतूंचं जाळं उघडं पडतं. तलावात टाकलेलं मासोळीचं जाळं आठवा. पाण्यात ते पसरलेलं असतं, त्याचे डोळे उघडे असतात. बाहेर काढलं की सगळं एकमेकांवर पडून गोळा होतो. डेंटिन फार सुकवलं तर तंतूंचंही तसंच होतं आणि बाँडिंग आत शिरत नाही. फार ओलं राहिलं तरीही धरत नाही. म्हणून तिथे किंचित ओल ठेवावी लागते. द्रव्य या जाळ्यात शिरून दोघांचा मिळून एक थर तयार होतो, हे १९८२ साली जपानच्या नाकाबायाशी यांनी दाखवून दिलं.

दुसरं सिमेंट आपल्या जंगलपट्टीत फार कामाचं आहे. त्याचं नाव ग्लास आयनोमर. लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट यांनी १९६९ च्या सुमारास ते तयार केलं. एक भुकटी आणि एक द्रव, दोन्ही ऐनवेळी मळून दातात भरतात. यातलं सौम्य आम्ल दातातल्या कॅल्शियमशी स्वतःच जोड बांधतं. त्यामुळे बाँडिंग वेगळं लावावं लागत नाही. साध्या प्रकाराला निळा उजेडही नको. लाइट गेली तरी काम अडत नाही.

१९८० च्या दशकात टांझानियात एक साधी पद्धत बसवली गेली. वीज नाही, मशीन नाही. हातातल्या छोट्या हत्यारांनी कीड खरवडायची आणि सिमेंट भरायचं. बऱ्याचदा सुईही लागत नाही. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ही पद्धत पुढे आणली आणि २०२१ मध्ये हे सिमेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. भामरागड, एटापल्ली, जिवतीकडच्या गावांत शिबिर भरलं तर अशा सिमेंटचा उपयोग सहज कळेल. मात्र ते कंपोझिटपेक्षा ठिसूळ असतं. दाढेचा मोठा भाग गेला असेल तर चावण्याच्या जोरानं तुटू शकतं.

मग सिमेंट सुटतं का? आमच्या ध्यानात चार कारणं आली.

पहिलं कारण लाळ. आम्लानं तयार केलेल्या खाचांवर लाळ आली की त्या बुजतात. मग धुऊन, सुकवून पुन्हा आम्ल लावावं लागतं. डॉक्टर गालात कापसाची गुंडाळी ठेवतात ती याचसाठी. आमच्या ताईला आम्ही विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी तर दर मिनिटाले उठून थुंकत होती जी. कापूसबी काढून टाकला." तिला कुणी सांगितलंच नव्हतं की त्या दहा मिनिटांत कोरडं राहणं हेच मुख्य काम आहे.

दुसरं कारण सुजलेल्या हिरड्या. हात लावताच रक्त आलं तर तिथे सिमेंट धरत नाही. म्हणून डॉक्टर कधी कधी आधी दात साफ करून घ्यायला आणि आठ-दहा दिवसांनी यायला सांगतात. तो फेरा वाया जात नाही.

तिसरं कारण खर्रा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा घरोघरी शिरला आहे. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ'चं काम सुरू झालं ते दारू आणि तंबाखूच्या या विळख्यामुळेच. खर्ऱ्यातल्या सुपारीनं दात झिजतात आणि तोंड आतून आखडत जातं. तीन बोटंही शिरत नाहीत असं तोंड झालं तर डॉक्टरांचा हात मागच्या दाढेपर्यंत पोचणार कसा आणि ती जागा कोरडी ठेवणार कशी? असं तोंड आखडणं हे पुढे कॅन्सरकडे नेऊ शकतं, म्हणून सिमेंटची वाट न पाहता आधी तेच दाखवा. नस आणि गुडाखूनं दात घासण्याची सवयही सोडा. तीही तंबाखूच आहे.

चौथं कारण पाणी. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यासारख्या भागात काही बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. एका लिटरमध्ये दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी पिण्याला योग्य नाही. दात हिरडीच्या आत तयार होत असताना, म्हणजे लहानपणी, असं पाणी पोटात गेलं तर दातांवर पांढरे, पिवळे, तपकिरी डाग येतात. ते घासून जात नाहीत. त्यात त्या मुलीचा आळस नाही, तिला बोलू नका. अशा दाताच्या वरच्या थरावर आम्ल लवकर चालत नाही. डॉक्टरांना ते जास्त वेळ ठेवावं लागतं किंवा वरचा थर किंचित घासावा लागतो. म्हणून दवाखान्यात स्वतःहून सांगा, "आमच्या गावच्या पाण्यात फ्लोराइड आहे."

इथे एका काकूंनी चांगला प्रश्न विचारला: मग पेस्टमध्ये आणि सिमेंटमध्ये फ्लोराइड कशाला? तर दातावर बाहेरून लागणारं थोडं फ्लोराइड किडीपासून राखतं. त्रास होतो तो वर्षानुवर्षं जास्त पोटात गेल्यानं. म्हणून लहान मुलांना पेस्ट थोडीच द्यावी आणि थुंकायला शिकवावं.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो. दाढेवर काळा खड्डा दिसला की लगेच जा, दुखायची वाट पाहू नका. खड्डा लहान तेवढं चांगलं इनॅमल जास्त, आणि सिमेंटची पकड इनॅमलवर सगळ्यांत पक्की असते. रात्री झोप मोडेल इतका ठणका असेल तर कीड बहुधा नसेपर्यंत गेलेली असते. तिथे नुसतं सिमेंट भरून भागत नाही.

जाताना दात घासून, चूळ भरून जा. त्या दिवशी खर्रा नको. खुर्चीत बसल्यावर नाकानं श्वास घ्या, जीभ स्थिर ठेवा, काही वाटलं तर हात वर करा पण तोंड मिटू नका. उठण्याआधी विचारा: "कोणतं सिमेंट भरलं? कधी खाऊ? परत कधी येऊ?" ग्लास आयनोमर असेल तर निदान तासभर काही खाऊ नका आणि पहिला दिवस त्या बाजूनं कडक काही चावू नका. गरोदर ताईंनीही घाबरू नये. डॉक्टरांना गरोदरपण सांगून दात भरून घेता येतो, मधले तीन महिने त्याला सोयीचे.

सिमेंट निघालंच तर परत दाखवा. दुकानातला झटपट चिकटणारा गोंद दातात भरू नका, त्यानं हिरडी भाजते. तंबाखूही दाबून ठेवू नका. अंगणवाडीत आणि शाळेत मुलांच्या तपासणीचं पथक येतं, तेव्हा त्यांना दातही पाहायला सांगा. सहाव्या वर्षाच्या सुमारास मागे येणारी दाढ दुधाची नसते, ती जन्मभराची असते.

आमच्या ताईनं आधी हिरड्या साफ करून घेतल्या आणि मग दाढ पुन्हा भरून घेतली. या वेळी ती गप्प पडून राहिली. कापूस ओला झाला की हात वर करायची, डॉक्टर तो बदलायचे. त्यानंतरची होळी झाली, दाढ अजून जागेवर आहे.

पुढच्या बैठकीत एक प्रयोग करा. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे आणा. एक घासून, कोरडा करून त्यावर पॅच लावा. दुसरा न घासता, ओलाच ठेवून लावा. दुसऱ्या दिवशी दोन्ही ओढून पाहा. आणि गटातल्या किती जणींनी दाढ उपटून घेतली, किती जणींच्या दाढेत आज लहान खड्डा आहे, तेही एकमेकींना विचारा. लहान खड्डेवाल्यांनी मिळून एकाच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जायचं ठरवलं तर सोबतही होईल आणि भीतीही राहणार नाही.