अस्सलाची नक्कल

आमच्या घरी 'नक्कल' हा शब्द शिवीच्या जागी वापरला जाई. वडील दरबारी गवई. एखाद्या शिष्याने त्यांची तान हुबेहूब उचलली, तर शाबासकी राहिली बाजूला, "नक्कल नको, गाणे म्हण" असा टोला मिळे. आणि तोच शिष्य बंदिशीतली एखादी जागा आपल्या सोयीने बदलून म्हणू लागला, की त्याहून मोठा टोला मिळे! तसेही म्हणायचे नाही आणि असेही नाही, तर म्हणायचे तरी कसे? पुढे मी स्वतः शिकवू लागलो तेव्हा हे कोडे वारशाने माझ्याकडे आले. ते थोडेफार उलगडले ते एका विमानामुळे, असे सांगितले तर वाचकांना गंमत वाटेल.

माझा एक जुना विद्यार्थी लंडनला इंजिनिअर आहे. बडोद्यास आला की घरी येतो, तंबोरा लावून देतो आणि तासभर बसतो. गेल्या खेपेस त्याने तिकडच्या हेंडन भागातील रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात काढलेली छायाचित्रे आणली होती. पहिल्या महायुद्धातले एक लढाऊ विमान होते, सॉपविथ डॉल्फिन. दुहेरी पंखांचे, लाकडाचे नि कापडाचे.

"मास्तर, हे विमान खरे म्हणावे की खोटे, ते तुम्ही सांगा," तो म्हणाला.

प्रश्न साधा नव्हता. हर्बर्ट स्मिथ या आरेखकाचे हे विमान १९१७ साली प्रथम उडाले, १९१८ च्या आरंभी फ्रान्सच्या आघाडीवर गेले. दोन हजारांच्या वर डॉल्फिन बांधली गेली. पण युद्ध संपले आणि त्यांची गरजही संपली. लाकूड कुजले, कापड फाटले, इंजिने भंगारात गेली. दोन हजारांतले एकही विमान अखंड असे उरले नाही. संग्रहालयाच्या हाती होता तो शेपटीकडच्या सांगाड्याचा सुमारे सहा फुटांचा तुकडा आणि निरनिराळ्या डॉल्फिनचे सुटे भाग. कॉसफर्ड येथील कार्यशाळेतल्या कारागिरांनी त्यांच्याभोवती उरलेले सारे विमान वर्षानुवर्षे खपून नव्याने बांधले, आणि २०१२ साली ते लोकांसमोर आले. त्याही आधी, १९७७ च्या सुमारास, अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातल्या ऱ्हाइनबेक येथे कोल पॅलेन नावाच्या विमानवेड्या गृहस्थाने एक डॉल्फिन नव्याने बांधले होते. ते तर प्रेक्षकांसमोर उडतही असे. १९९० साली अपघात झाला तेव्हा त्याचे उडणे थांबले.

असले विमान बांधायचे म्हणजे काय करायचे, ते मी खोदून खोदून विचारले. अॅश लाकडाचे लांब दांडे घेऊन पेटीसारखा सांगाडा करायचा. त्याच्या प्रत्येक चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारख्या दोन तारा ताणायच्या. तारेला उलटसुलट आट्यांचा एक पेच असतो; तो फिरवला की तार ताणते वा सैल होते. सांगाडा सरळ राहतो तो या तारांच्या परस्पर ओढीमुळे. एक तार जास्त ओढली की तिच्या समोरची बिघडते, ती नीट करावी तर पुढच्या चौकोनाला पीळ पडतो. चार तारांचा तंबोरा लावताना आमची दमछाक होते. इथे तर विमानभर तारा! पंखांच्या तुळया स्प्रूस लाकडाच्या. त्यांवर फासळ्या, फासळ्यांवर लिननचे कापड, आणि ते कापड प्रत्येक फासळीला हाताने शिवायचे. मग त्यावर डोप नावाच्या द्रावणाचे हात द्यायचे. डोप वाळता वाळता कापड आखडते आणि तबल्याच्या पुडीसारखे तट्ट होते.

"यातले नकाशात किती सापडते?" मी विचारले.

"मापे सापडतात," तो हसून म्हणाला, "हात सापडत नाही."

हे ऐकून मला आमच्या बडोद्याचीच गोष्ट आठवली. मौलाबक्षांनी इथे १८८६ साली गायनशाळा काढली आणि गाणे कागदावर उतरविण्यासाठी स्वरलिपी तयार केली. त्यांचे उपकार मोठे आहेत. त्या वाटेने कितीतरी चिजा वाचल्या. पण कागदावरचा गंधार किती कोमल आणि त्यावर किती रेंगाळायचे, हे कुणीतरी समोर बसून गायल्याशिवाय कळत नाही. चीज पुन्हा गळ्यात बांधावी लागते. विमानाचेही तेच.

आता खरी गोम पुढे आहे. डॉल्फिनमध्ये एक भयंकर खोड होती. त्याचा वरचा पंख खालच्या पंखाच्या थोडा मागे आणि इतका खाली बसविलेला, की वैमानिकाचे डोके त्या पंखाच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून वर निघे. वरचे सारे आभाळ त्याला दिसे, हा फायदा. पण उतरताना विमान उलथले तर जमिनीला आधी टेकणार ते त्याचे डोके! शिवाय इंजिनातली वेग उतरविणारी दात्यांची चक्रे वारंवार मोडत. आज बांधणाऱ्याला या खोडी ठाऊक आहेत. पंख वीतभर उचलला तर कुणाचे काय बिघडणार? विमान अधिक सुरक्षित होईल, दिसायलाही बरे दिसेल. पण मग ते डॉल्फिन राहणार नाही. बांधणाऱ्यांनी चौकट होती तिथेच ठेवली.

त्या चौकटीतून डोके काढून बसणाऱ्यांत आपल्या मुंबईचा एक तरुण होता, श्रीकृष्ण वेलिणकर. केंब्रिजला शिकत असलेला हा तरुण त्या युद्धातल्या बोटांवर मोजण्याइतक्या भारतीय वैमानिकांपैकी एक. तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये तो डॉल्फिन उडवी. जून १९१८ मध्ये तो गस्तीवर गेला तो परतला नाही. त्याची कबर फ्रान्समध्ये हंगार येथे आहे. हेंडनचे विमान त्याचे नव्हे. पण तो कसा बसत असेल, मान वळवली की त्याला काय दिसत असेल, वारा तोंडावर कसा येत असेल, हे आज कळायचे तर अशाच बांधलेल्या विमानाच्या बैठकीशी उभे राहावे लागते. पंख वीतभर उचलला असता तर वेलिणकरांची जागाच हरवली असती. छायाचित्रातल्या त्या रिकाम्या चौकटीकडे मी बराच वेळ पाहत राहिलो.

आणि पाहता पाहता मला माझी एक चोरी आठवली. वडिलांच्या एका बंदिशीत समेच्या अलीकडे अडचणीची जागा आहे. श्वास पुरत नाही, मुले तिथे अडखळतात, परीक्षेत गुण जातात. म्हणून कित्येक वर्षे मी ती जागा सोपी करून शिकवीत आलो. कुणाला कळले नाही. मीही मनाला समजावीत असे, की बंदिश तर टिकली! उलट वडिलांचा घसा साफ करण्याचा खाकरा मात्र मुलांनी माझ्याकडून बरोबर उचलला होता, तोही कुणी न शिकवता.

वडिलांच्या दोन टोल्यांचा अर्थ मला तेव्हा लागला. खाकरा उचलणे ही नक्कल, आणि अडचणीची जागा गाळणे ही लबाडी. तारेचा ताण होता तसा ठेवून, आपल्या हाताने पुन्हा बांधणे, एवढेच काय ते आपले काम.

"विमान खरे आहे," मी विद्यार्थ्याला म्हटले. "त्यांनी जुने कोणते ते लपविले नाही आणि अवघड ते टाळले नाही."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी ती बंदिश मूळ जागेसह पुन्हा घातली. पहिल्या दिवशी एकालाही ती साधली नाही. पूर्वी शिकून गेलेल्यांना आता पत्रे लिहितो आहे.