स्वल्प ॲडजस्ट माड्री... पण कुठवर?

बेळगावहून धारवाडला जाणाऱ्या बसमध्ये तिघांच्या बाकाजवळ चौथा माणूस आला, की तो हसतमुखाने म्हणतो, "स्वल्प ॲडजस्ट माड्री!" मग मराठी बोलणारा सरकतो, कन्नड बोलणाराही सरकतो आणि चौघांचा प्रवास सुखाने होतो. आपल्या सीमाभागातल्या घरांना हे वाक्य काही नवे नाही. आमच्याच घरात माझ्या आईला 'आजी' आणि बायकोच्या वडिलांना 'अज्जा' म्हणत माझी मुलगी लहानाची मोठी झाली. थोडे इकडे, थोडे तिकडे सरकून संसार बसवायचा, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही.

पण सरकायचे कुठे आणि अजिबात सरकायचे नाही ते कुठे, हे मला गेल्या उन्हाळ्यात शिकायला मिळाले. तेही संगणकाच्या पोटातल्या बोटभर लांबीच्या एका लोखंडी पट्टीकडून! मी आर्ट्सचा प्राध्यापक. स्क्रू ड्रायव्हर हाती धरायचा तो फक्त प्लगचा टॉप बदलण्यापुरता. तरीही ही हकीकत वाचकांना सांगावीशी वाटते, कारण घरोघरी संगणक आहेत आणि घरोघरी "प्रोसेसर गेला" असे ऐकून घाबरणारे आईवडीलही आहेत.

तीन मिलिमीटरची अडचण

मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या प्रोजेक्टसाठी घरचा जुना संगणक बदलून नवा मदरबोर्ड आणि इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर घेतला. प्रोसेसरबरोबर आलेला छोटा कूलर फार घरघर करी. (कूलर म्हणजे खिडकीतला पाण्याचा नव्हे, प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा, धातूच्या पापुद्र्यांचा आणि पंख्याचा.) तेव्हा २०१२ साली हौसेने घेतलेला तांब्याच्या नळ्यांचा मोठा कूलर अजून ठणठणीत होता, तोच नव्यावर बसवू, असे तिने आणि माझ्या भाच्याने ठरवले. चांगली वस्तू फेकायची कशाला? मलाही ते पटले.

जुन्या कूलरबरोबर मिळालेल्या पट्ट्या 'ॲडजस्टेबल' होत्या. पट्टीच्या प्रत्येक टोकाला एकापाठोपाठ तीन भोके. ज्या बोर्डावर जे माप, त्या भोकात स्क्रू. पण नव्या बोर्डावर पट्टी धरली, तर तीनपैकी एकही भोक जुळेना! मधले भोक थोडे आत पडे, शेवटचे थोडे बाहेर. भाच्याने कानस आणली आणि मधली भोके दोन्ही टोकांना दीड-दीड मिलिमीटर घासून लांबट केली. बोर्डाच्या मागे लावायच्या पाटीचीही तीच गत केली. स्क्रू बसले, संगणक सुरू झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी प्रोजेक्टचे काम सुरू झाल्यावर दहा मिनिटांत संगणक रांगू लागला आणि नंतर बंदच पडला. प्रोसेसरचे तापमान शंभर अंशांना टेकले होते. प्रोजेक्ट दाखवायला आठ दिवस उरलेले. दुकानात नेला, तर पोटात न बघताच निदान झाले, "प्रोसेसर गेलाय. पंधरा हजार धरून चला." मुलीचा चेहरा रडवेला झाला आणि माझा, खरे सांगायचे तर, त्याहून वाईट.

ही भोके बदलतात तरी का?

त्या आठवड्यात मी या विषयावर जेवढे वाचले, तेवढे एम.ए.लाही वाचले नसेन. प्रोसेसर खाईल ती जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. १९९३ सालचा पहिला पेंटियम पंधरा वॅटच्या आसपास वीज खाई. त्यावर धातूचा लहानसा ठोकळा आणि पंखा सॉकेटच्या कानांना क्लिपने अडकवला की भागत असे. २००४ सालच्या पेंटियम फोरपर्यंत हा आकडा ११५ वॅटपर्यंत गेला. म्हणजे जुन्या शंभराच्या पिवळ्या बल्बहून जास्त उष्णता, आणि तीही अंगठ्याच्या नखाएवढ्या चकतीतून! ती ओढून घ्यायची तर कूलर मोठे हवेत, आणि मोठे म्हणजे जड. आज ऑस्ट्रियातल्या नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा प्रसिद्ध कूलर पंख्यांसह १,३२० ग्रॅम भरतो. सव्वा किलोहून जास्त वजन उभ्या बोर्डावर आडवे लटकणार, ते सॉकेटच्या प्लॅस्टिकच्या कानांवर कसे पेलणार? म्हणून बोर्डालाच चार भोके आली, मागे आधाराची पाटी आली, तिच्यावर उभे खांब, खांबांवर पट्ट्या आणि पट्ट्यांवर कूलर.

गंमत अशी, की या चार भोकांतले अंतर कायम राहिले नाही. इंटेलच्या २००४ सालच्या एलजीए ७७५ सॉकेटला ते ७२ मिलिमीटर होते. २००८ साली एलजीए १३६६ आले, त्याला ८०. २००९ साली एलजीए ११५६ आले, त्याला ७५. आणि हे पंचाहत्तर मात्र २०२० सालच्या एलजीए १२०० पर्यंत टिकले. आमच्या जुन्या पट्टीवरची तीन भोके म्हणजे हीच तीन मापे : ७२, ७५ आणि ८०. कूलर बनवणाऱ्याने त्या वेळी माहीत असलेली सगळी घरे करून ठेवली होती. पण २०२१ च्या अखेरीस एलजीए १७०० आले आणि त्याने माप निवडले ७८! पंचाहत्तर आणि ऐंशी यांच्या बरोबर बेचक्यात. २०२४ साली आलेल्या एलजीए १८५१ नेही तेच माप ठेवले.

एएमडी कंपनीची तऱ्हा वेगळी. तिची भोके चौरसात नसून आयतात असतात. एएम४ सॉकेटपासून ते माप ९० बाय ५४ मिलिमीटर झाले आणि २०२२ साली एएम५ आले तरी त्यांनी ते मोडले नाही. त्यामुळे पुष्कळ जुने कूलर तिथे तसेच चालले.

अज्जांनी पाहिलेला ठसा

माझे सासरे, त्यांना मी मावा म्हणतो, उद्यमबागेतल्या कारखान्यात पस्तीस वर्षे फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांचा दिवस व्हरांड्यातल्या खुर्चीतच जातो. संगणकाशी त्यांचा संबंध नाही, म्हणून त्यांना विचारावे असे आमच्यापैकी कुणाला सुचलेही नव्हते. भाचा पुन्हा कानस घेऊन बसला, स्क्रू आणखी आवळण्याचा विचार बोलून दाखवू लागला, तेव्हा व्हरांड्यातून आवाज आला, "ब्याड! ब्याड! आधी काढून दाखव मला."

कूलर उतरवला. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये राखाडी मलम लावतात, थर्मल पेस्ट. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांत बारीक खाचखळगे असतात आणि खळग्यांत हवा अडकते. हवा म्हणजे उष्णतेला जवळजवळ भिंतच. तांब्याच्या तुलनेत तिची उष्णता वाहण्याची ताकद हजारो पटींनी कमी. ती हवा हुसकावण्यासाठी हे मलम. अज्जांनी चष्मा सारून ते मलम पाहिले आणि नातीला जवळ बोलावले. एका कडेला मलम दबून पातळ झाले होते. उरलेल्या भागावर जसेच्या तसे जाड!

"आमच्याकडे दोन भाग नीट टेकतात का ते बघायला निळा रंग लावायचो," ते म्हणाले. "एकावर रंग लावायचा, दुसरा टेकवायचा, ठसा बघायचा. हा ठसाच सांगतोय, की हे टेकलेलेच नाही. प्रोसेसर कशाला जातोय!"

मग त्यांनी स्क्रू हातात घेतला. त्यावर स्प्रिंग होती. आटे ठरावीक जागी संपत होते आणि पुढे खांदा होता. म्हणजे स्क्रू एका ठिकाणी अडणारच, त्यापुढे जाणारच नाही. दाब देण्याचे काम स्क्रूचे नव्हे, स्प्रिंगचे. स्क्रू अडेपर्यंत फिरवला, की स्प्रिंग जेवढी दबायला हवी तेवढीच दबते. कमी नाही, जास्त नाही. बनवणाऱ्याने ते मोजून ठेवलेले असते.

इथेच आमची चूक झाली होती. नव्या सॉकेटचे नुसते अंतरच बदललेले नाही. त्यात प्रोसेसरचा माथाही आधीच्यापेक्षा सुमारे पाऊण मिलिमीटर खाली बसतो. कानशीने आम्ही भोके जुळवली, उंची कशी जुळवणार? खांब जुन्या उंचीचे, म्हणून स्प्रिंग पुरेशी दबलीच नाही. वर हाताने घासलेली भोके सारखी नाहीत, म्हणून कूलर एका कडेवर तिरका. २०२१ साली आसूस कंपनीने काही बोर्डांवर जुनी आणि नवी अशी दोन्ही भोके दिली होती, पण भोके जुळली म्हणून ही उंची काही बदलत नाही.

"गिरणीच्या मोटारीखाली लांबट भोके असतात, बघितलंस?" अज्जा नातीला सांगत होते. "पट्टा ताणायला मोटार मागंपुढं सरकवायची. पण एकदा ताण बसला की नट घट्ट, मग सरकायचं नाही. भोक ॲडजस्ट करायला असतं. ताण ॲडजस्ट करायचा नसतो."

मला वाटते, या सगळ्या पट्ट्या-स्क्रूंचे शास्त्र या दोन वाक्यांत आले.

साकु!

कूलरच्या कंपनीकडे नव्या सॉकेटचा संच स्वतंत्र मिळत होता : नवी पाटी, नव्या उंचीचे खांब, नव्या पट्ट्या. साडेतीनशे रुपये आणि चार दिवस. काही कंपन्या तर याहून उदार असतात. वर उल्लेख केलेली नॉक्टुआ कंपनी खरेदीचा पुरावा दाखवणाऱ्या जुन्या ग्राहकांना नव्या सॉकेटचा संच मोफत देते. त्याच कंपनीने २०२३ साली एएम५ साठी आणखी एक पट्टी काढली. त्या प्रोसेसरांत उष्णतेचा मुख्य भाग मध्यावर नसून एका बाजूला असतो. म्हणून ही पट्टी कूलरला सात मिलिमीटर त्या बाजूला सरकवते आणि तापमान एक ते तीन अंशांनी उतरते. बघा, योग्य जागी केलेले 'ॲडजस्ट' किती कामाचे!

संच आला त्या संध्याकाळी अज्जांची खुर्ची व्हरांड्यातून टेबलापाशी आली. मलम पुसून साफ केले, तुरीच्या दाण्याएवढे नवे लावले. मुलगी स्क्रू फिरवायला बसली. एका बाजूला दोन फेरे, मग दुसऱ्या बाजूला दोन फेरे. एकच बाजू आधी आवळली तर कूलर तिरका होतो. बल्बच्या उजेडात सगळे वाकून बघत होते. स्क्रू अडला. सवयीने तिने आणखी जोर लावायला मनगट वळवले, तोच अज्जांनी तिच्या हातावर हात ठेवला, "साकु."

रात्री तेच प्रोजेक्ट दोन तास चालले. तापमान पासष्टच्या वर गेले नाही. पंधरा हजार वाचले, याचा आनंद मला झालाच. पण आता संगणकाचे काहीही बिघडले, की मुलगी आधी व्हरांड्यात जाते, हा आनंद त्याहून मोठा.

घरी लक्षात ठेवावे असे

कूलरच्या खोक्यातल्या उरलेल्या पट्ट्या, खांब आणि स्क्रू कधीही फेकू नका. एका पिशवीत बिलासह जपून ठेवा. नवा बोर्ड घेण्याआधी सॉकेटचे नाव लिहून घ्या आणि "माझ्या कूलरला याचा संच मिळतो का?" एवढे विचारा. एएम५ बोर्डाची मागची पाटी सॉकेटच्या बांधणीचाच भाग असते. ती बदलण्याच्या भानगडीत पडू नका. आणि संगणक तापतो म्हणून कुणी लगेच प्रोसेसर बदलायला सांगितला, तर आधी कूलर काढून मलमाचा ठसा बघायला लावा.

बसच्या बाकावर आपण सरकतो, ते छानच. पण मागे पाठ टेकायला जागा उरलीच नाही, तर तो प्रवास कुणाचाच होत नाही. कुठे 'माड्री' म्हणायचे आणि कुठे 'साकु', हे कळायला आमच्या घरात एक फिटर लागला.