सेप्सिस आणि रक्तातली ‘धूळ’

सेप्सिसने अत्यवस्थ झालेल्या काही रुग्णांच्या बाबतीत नातेवाइकांना चक्रावून टाकणारी गोष्ट घडते. बोटांची टोके काळी पडू लागतात, कारण तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या झालेल्या असतात. आणि त्याच वेळी सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबत नाही. रक्त गोठते आहे की पातळ झाले आहे? दोन्ही. नको तिथे गुठळ्या करण्यातच प्लेटलेट आणि रक्त गोठवणारी प्रथिने खर्ची पडतात, मग हवी तिथे ती उरत नाहीत.

सेप्सिस म्हणजे नुसता ‘रक्तात जंतू गेले’ असे नव्हे. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसादच बेताल होतो आणि मूत्रपिंड, फुप्फुसे, यकृत अशी इंद्रिये निकामी होऊ लागतात. २०१७ साली जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज आहे. म्हणजे दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक.

या बेताल प्रतिसादात पेशींपासून सुटलेल्या सूक्ष्म कणांचाही हात आहे. त्यांचा माग जुना आहे. डीएनएच्या घटकांविषयीच्या नियमामुळे पुढे प्रसिद्ध झालेले एर्विन चारगाफ यांनी १९४६ मध्ये रँडॉल्फ वेस्ट यांच्यासह रक्तद्रव अतिवेगाने फिरवून पाहिला. तळाशी गाळ बसला आणि वरचा द्रव गोठायला जास्त वेळ लागू लागला. गोठवणारे काहीतरी त्या गाळात होते. १९६७ मध्ये ब्रिटनच्या पीटर वुल्फ यांनी ते प्लेटलेटपासून सुटलेले कण असल्याचे दाखवले. ‘प्लेटलेटची धूळ’ हे नाव तेव्हापासूनचे.

मात्र ही धूळ निरुपद्रवी नाही. पेशीचे आवरण दुपदरी असते आणि फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा स्निग्ध पदार्थ पेशी ऊर्जा खर्चून आतल्या पदरात दडवून ठेवते. पेशी चेतवली गेली किंवा मरू लागली की हा बंदोबस्त ढासळतो. आवरणाला फुगवटे येऊन ते सुटतात आणि आतला पदर बाहेर येतो. त्यावरील ऋण विद्युतभारामुळे, कॅल्शियमच्या मदतीने, गोठवणारी प्रथिने तिथे जमतात आणि भराभर कामाला लागतात. स्कॉट सिंड्रोम या दुर्मीळ आजारात प्लेटलेटना ही उलटापालट जमत नाही. अशा व्यक्तींना रक्तस्रावाचा त्रास होतो.

सेप्सिसमध्ये हे कण प्लेटलेट, पांढऱ्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर अशा अनेक ठिकाणांहून सुटतात. मोनोसाइट या पांढऱ्या पेशींचे कण तर गोठण्याची साखळी सुरू करणारा ‘टिश्यू फॅक्टर’च सोबत घेऊन फिरतात. मेनिंगोकॉकसमुळे सेप्सिस झालेल्या रुग्णांचे कण रक्त गोठण्याला जोरदार चालना देतात, हे डच संशोधकांनी २००० साली दाखवले. ब्राझीलमध्ये २००४ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: सेप्सिसच्या रुग्णांतील प्लेटलेटचे कण रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींना मरणाकडे ढकलतात. हे अस्तर शाबूत असते तेव्हा रक्त वाहते ठेवते. ते बिघडले की गुठळ्या वाढतात आणि पाणी ऊतींत झिरपून अंगावर सूज येते.

एवढ्यावरून कणांना खलनायक ठरवणे सोपे होते. पण २००८ मध्ये फ्रान्समधील प्रयोगाने घोळ घातला. सेप्टिक शॉकच्या रुग्णांचे कण उंदरांना टोचले, तर त्यांच्या महाधमनीची आकुंचन पावण्याची क्षमता चक्क वाढली. शॉकमध्ये रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळतो, तेव्हा हा परिणाम उपकारकच म्हणायचा. काही कण तर गोठणे रोखणारी प्रथिनेही वाहून नेतात.

त्यामुळे ‘कण गाळून टाका’ इतका सरळ उपाय संभवत नाही. गोठणे रोखून सेप्सिस आवरण्याचे प्रयत्न याआधीही फसले आहेत. सक्रिय प्रोटीन-सीचे औषध अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झाले. पुढच्या चाचणीत मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही, म्हणून २०११ मध्ये ते मागे घेण्यात आले.

कण मोजणेही जिकिरीचे आहे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असे हे कण बऱ्याच यंत्रांच्या नजरेतून निसटतात. शिवाय रक्ताची नळी प्रयोगशाळेत नेताना जोरात हलली तरी प्लेटलेटपासून नवे कण सुटतात, आणि मग रुग्णाच्या अंगातले किती व नळीत तयार झालेले किती, हे सांगता येत नाही. त्यामुळे रुग्णशय्येपाशी आजही भिस्त आहे ती प्लेटलेटची संख्या, प्रोथ्रोम्बिन टाइम आणि डी-डायमर या जुन्याच तपासण्यांवर.