फोटोत डोळे लाल आले तरी चालतील

रोलचे कॅमेरे पुन्हा दिसू लागले आहेत. बारसे, वाढदिवस, सहल. सगळ्यांच्या हाती मोबाइल असतानाही कुणीतरी पिशवीतून छोटा कॅमेरा काढतो. कुणाला तो घरच्या कपाटात सापडलेला असतो, कुणी वापरलेला विकत घेतलेला असतो. घरच्या फोटोंसाठी असा स्वस्त कॅमेरा निवडताना काय पाहावे, ते आज पाहू. त्यातली एक गोष्ट थेट लहान मुलांच्या आरोग्याशी निगडित आहे.

आधी खर्च. रोल, तो धुणे आणि स्कॅन करणे यांची बेरीज करून तिला ३६ने भागा. एका फोटोची किंमत कळेल. कोडॅकच्या नावाने मिळणाऱ्या एच३५सारख्या नव्या हाफ-फ्रेम कॅमेऱ्यात त्याच रोलवर ७२ फोटो बसतात. मात्र चौकट निम्मी असल्याने मोठ्या प्रिंटमध्ये बारकावे कमी येतात.

दुसरी गोष्ट भिंग. जुन्या केबी-१०सारख्या साध्या कॅमेऱ्यांचा फोकस कायमचा ठरलेला असतो. माणूस साधारण दीड ते तीन मीटरवर असेल तर फोटो चांगला येतो. बाळाचा चेहरा अगदी जवळून टिपायला गेलात तर तो धूसर येणार. थोडे पैसे जास्त घालता येत असतील, तर ऑटोफोकस आणि एफ/२.८ किंवा एफ/३.५ असे न बदलणारे भिंग घ्या. लांब झूमचा मोह टाळा. कित्येक झूम कॅमेऱ्यांत पूर्ण झूमला भिंग एफ/११च्या आसपास येते, म्हणजे एफ/३.५च्या मानाने सुमारे दहापट कमी प्रकाश आत जातो. घरात आयएसओ ४००चा रोल बरा.

वापरलेला कॅमेरा घेताना सेलचा कप्पा उघडून पाहा. पांढरी-हिरवी पूड दिसली तर सेल गळलेला आहे. भिंगावर टॉर्च धरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. आपल्या दमट किनारपट्टीवर हा रोग फार. फ्लॅश उडतो का, हेही पाहा. पण तो उडत नाही म्हणून कॅमेरा घरी उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यावरही सुमारे ३०० व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाला खेटून असतो. अंधाऱ्या खोलीत बुबुळ मोठे झालेले असते आणि फ्लॅश इतका झटकन उडतो की त्याला आकसायला वेळच मिळत नाही. प्रकाश डोळ्याच्या मागच्या, रक्ताने भरलेल्या पडद्यावर आपटून सरळ भिंगात परततो आणि डोळे लाल दिसतात. आपण याला स्वस्त कॅमेऱ्याचा दोष म्हणतो. डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर दोन्ही डोळ्यांत सारखी लाली दिसणे हे चांगले चिन्ह आहे: प्रकाशाच्या वाटेत अडथळा नाही.

काळजी करायची ती एका डोळ्यात लालीऐवजी पांढरट चमक दिसली तर. जन्मजात मोतीबिंदूत तसे होते आणि रेटिनोब्लास्टोमा या दृष्टिपटलाच्या कर्करोगातही. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो, बहुतेकदा पाच वर्षांच्या आत. दुखत नाही, खुपत नाही आणि बाळाला सांगता येत नाही. ‘डोळा मांजरीसारखा चमकतो,’ असे घरचे म्हणतात, पण दवाखान्यात यायला महिने लावतात. त्याच आजारात कधी आधी तिरळेपणा येतो आणि तो भाग्याचा मानून सोडून दिला जातो. लवकर सापडला तर बहुतेक मुलांचा जीव वाचतो, पुष्कळदा डोळाही.

म्हणून रेड-आय टाळणाऱ्या सोयीसाठी जादा पैसे मोजू नका. असलीच तर ती बंद करता येते ना, एवढे पाहा. ती आधी प्रकाश टाकून बुबुळ आकसवते. त्यामुळे लाली कमी होते, पण पांढरी चमकही झाकली जाऊ शकते. स्कॅन करून घेताना डोळ्यांचा रंग दुरुस्त करू नका, असेही स्टुडिओत सांगा.

मूल बाजूला पाहत असेल तर निरोगी डोळ्यातही कधी पांढरी चमक येते. तेव्हा एका फोटोने घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. अर्धा रोल कॅमेऱ्यात तसाच पडून असतो. तो संपून धुऊन येईपर्यंत थांबू नका. मूल आणि फोटो घेऊन त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जा. थेंब घालून बुबुळ मोठे करून ते आतला पडदा तपासतात. फोटोत काही दिसले नाही म्हणजे डोळा निरोगी, असे मात्र नव्हे. शंका असेल तर तपासणी हवीच.