एक दार, अनेक खिडक्या

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता संकेतस्थळावर लागणार असे जाहीर झाले, की एकच्या ठोक्याला राज्यभरातून लाखो बोटे एकाच बटणावर टेकतात. एरवी निवांत असणारे संकेतस्थळ मग उघडतच नाही. मुले म्हणतात, ‘सर्व्हर झोपला!’ खरे तर तो झोपलेला नसतो. त्याच्यापुढची रांग आवाक्याबाहेर गेलेली असते. ही रांग का वाढते आणि ती वाटून कशी द्यायची, ते आपण पाहू.

समजा, एक सर्व्हर सेकंदाला सरासरी १०० विनंत्या हातावेगळ्या करतो. सेकंदाला ९९ विनंत्या आल्या तर रांग लागायचे कारण काय? कारण असे, की विनंत्या कवायतीतल्या मुलांसारख्या ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी घोळका येतो, कधी कोणीच येत नाही. रिकामा गेलेला क्षण पुढच्या गर्दीसाठी साठवून ठेवता येत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारा गणितज्ञ एर्लांग याने १९०९ साली टेलिफोनच्या कॉलना संभाव्यतेचे गणित लावले आणि त्यातून रांगांचे शास्त्र उभे राहिले. विनंत्या केव्हाही येतात आणि प्रत्येकीला लागणारा वेळही कमीजास्त असतो, असे धरले तर एका सर्व्हरसाठी हे शास्त्र एक सोपे सूत्र देते:

सरासरी वेळ = १ ÷ (क्षमता − विनंत्यांचा दर)

येथे वेळ म्हणजे विनंती पोचल्यापासून उत्तर निघेपर्यंतचे सेकंद. दर ५० असेल तर वेळ ०.०२ सेकंद, ९० असेल तर ०.१ सेकंद आणि ९९ असेल तर पूर्ण १ सेकंद. विनंत्या ९० वरून ९९ झाल्या, म्हणजे दहा टक्केच वाढल्या. वेळ मात्र दहापट झाला. आता तशाच दोन सर्व्हरमध्ये त्या ९९ विनंत्या निम्म्यानिम्म्या वाटा. प्रत्येकाकडे ४९.५ आल्या आणि वेळ सुमारे ०.०२ सेकंदांवर उतरला. यंत्रे दुप्पट केली, तर वाट पाहणे पन्नासाव्या हिश्शावर आले!

पण वाटायचे कोणी? विद्यार्थ्याला तर एकच पत्ता ठाऊक असतो. त्या पत्त्यावर उभे राहून प्रत्येक विनंती मागच्या एखाद्या सर्व्हरकडे धाडणारी जी यंत्रणा, तिला लोड बॅलन्सर म्हणतात. मराठीत भारसंतुलक म्हणू. बाहेरून दार एक, आत खिडक्या अनेक.

पूर्वी यासाठी स्वतःची यंत्रे विकत घ्यावी लागत. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या संगणककेंद्रातली यंत्रे हवी तेवढी आणि हवा तेवढा वेळ भाड्याने घेण्याची सोय. अॅमेझॉनने अशी भाड्याची यंत्रे २००६ मध्ये आणि त्यांच्यासाठी लोड बॅलन्सर २००९ मध्ये देऊ केला. २०१६ पासून तिची केंद्रे मुंबईतही आहेत. कंपनी कोणतीही असो, मांडणीच्या पायऱ्या साधारण सारख्याच असतात.

पहिली पायरी : तंतोतंत सारखे किमान दोन सर्व्हर उभे करणे, तेही वेगवेगळ्या इमारतींतल्या केंद्रांत. एका ठिकाणची वीज गेली तरी दुसरे चालू राहावे.

दुसरी : या सर्व्हरचा एक गट करून तो लोड बॅलन्सरला जोडणे आणि संकेतस्थळाचे नाव लोड बॅलन्सरकडे वळवणे. सर्व्हरनी विनंत्या फक्त त्याच्याकडूनच घ्याव्यात, असेही बंधन घालतात. नाहीतर मागच्या दाराने कोणीही आत येईल.

तिसरी : हजेरी. लोड बॅलन्सर ठरावीक वेळाने, उदाहरणार्थ दर ३० सेकंदांनी, प्रत्येक सर्व्हरला ‘आहेस का?’ असे विचारतो. लागोपाठ दोनदा ‘हजर’ आले नाही, तर त्याच्याकडे विनंत्या पाठवणे थांबते. तो पुन्हा नीट उत्तरे देऊ लागला, की त्याला परत गटात घेतात.

चौथी : कोणत्याही सर्व्हरने स्वतःपुरते काही लक्षात ठेवू नये. पहिल्या विनंतीत बैठक क्रमांक एका सर्व्हरला दिला आणि दुसरी विनंती भलत्याच सर्व्हरकडे गेली, तर तो पुन्हा क्रमांक विचारणार. म्हणून अशा नोंदी सर्वांना दिसणाऱ्या सामायिक जागी ठेवतात.

आता वाटपाची रीत. पाळीपाळीने देणे ही सर्वांत सोपी. ज्याच्याकडे काम कमी त्याला देणे ही अधिक शहाणपणाची. पण सर्व्हर शेकड्यांनी असतील तर दरवेळी सगळ्यांची मोजदाद करत बसायचे का? एक सुंदर उत्तर वर्गात करून पाहता येते. २० वाट्या, २० चिंचोके आणि १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या घ्या. चिठ्ठी उचला, त्या क्रमांकाच्या वाटीत चिंचोका टाका, चिठ्ठी परत ठेवा. वीस चिंचोके संपल्यावर सर्वांत भरलेल्या वाटीत बहुधा ३ किंवा ४ सापडतील. आता दरवेळी दोन चिठ्ठ्या उचला आणि त्या दोहोंपैकी कमी भरलेल्या वाटीत चिंचोका टाका. या वेळी बहुधा २ च निघतील, कधीमधी ३. फक्त दोन वाट्यांत डोकावल्याने एवढा फरक पडतो, हे गणितज्ञांनी १९९० च्या दशकात सिद्ध केले आणि आज ही युक्ती प्रत्यक्ष वापरात आहे.

तरीही लोड बॅलन्सर म्हणजे जादूची कांडी नव्हे. दोन सर्व्हर प्रत्येकी ६० टक्के भाराने चालले आहेत आणि त्यातला एक बंद पडला, तर उरलेल्यावर १२० टक्के भार येतो आणि तोही कोलमडतो. म्हणून दोन असतील तर प्रत्येकावर ५० टक्क्यांहून कमी आणि चार असतील तर ७५ टक्क्यांहून कमी भार ठेवावा लागतो. सर्व्हर ‘न’ असतील तर ही मर्यादा किती, ते विद्यार्थ्यांनाच काढू द्या.

दुसरी अडचण मागे दडलेली असते. खिडक्या दहा केल्या, पण गुणांच्या नोंदींचे कपाट एकच असेल, तर रांग खिडकीपुढून हलून कपाटापुढे लागते. निकालाचे गुण मात्र तासाभरात बदलत नाहीत. म्हणून त्यांच्या प्रती आधीच करून प्रत्येक खिडकीत ठेवता येतात.

आणि शेवटची पायरी, जी बऱ्याचदा राहून जाते : निकालाच्या आधीच्या आठवड्यात एक सर्व्हर मुद्दाम बंद करून बघायचा. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच जाणवले नाही, तरच मांडणी उत्तीर्ण. परीक्षा मुलांनी दिली आहे. निकालाच्या दिवशी ती संकेतस्थळाला द्यावी लागते, आणि तिची तयारीही आधीच करावी लागते.