ट्रॅक्टर चालू न झाल्यास विजेचा दोष कसा ओळखावा

ऐन पेरणीत ट्रॅक्टर अडला, तर वाफसा निघून जातो. म्हणून सुटे भाग बदलण्यापूर्वी दोष क्रमाने शोधावा. प्रथम गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच पूर्ण दाबावा. अनेक ट्रॅक्टरांत त्याशिवाय स्टार्टरला वीज पोहोचत नाही. नंतर दिवे लावून किल्ली फिरवावी.

१. दिवे लागतच नसतील, तर बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा फ्यूज वा जोडणी तुटली आहे, असे समजावे.

२. दिवे मंद होऊन नुसता ‘टक् टक्’ आवाज आल्यास बॅटरीची टोके व अर्थची तार तपासावी. गंजलेली टोके सोड्याच्या पाण्याने धुऊन घट्ट आवळावीत. पूर्ण भारलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो, तो १२.२ च्या खाली गेल्यास ती भारून घ्यावी.

३. दिवे प्रखर राहूनही स्टार्टर फिरत नसेल, तर दोष बहुधा स्विच, सोलेनॉइड वा स्टार्टरमध्ये असतो.

बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो. जवळ विडी-काडी पेटवू नये. अर्थची तार काढताना प्रथम काढावी, लावताना शेवटी लावावी. जमिनीवर उभे राहून पान्याने स्टार्टरची टोके कदापि जोडू नयेत. गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर तत्क्षणी अंगावर येतो व प्राण जातो.